परदेशात इंग्रजी शिकवून घरासाठी पैसे जमवायचे असतील तर: पगाराच्या आकड्याआधी बघायच्या गोष्टी

माझ्यासमोर दुबईतल्या दोन शाळांची ऑफर लेटरं होती. एकीत महिना १२ हजार दिऱ्हाम, घर आपलं आपण शोधायचं. दुसरीत ९ हजार, पण शाळेचं सामानासकट घर आणि वीज-पाणी त्यातच. मी १२ हजारांवर सही केली आणि घरी फोन करून मिरवलंही.

तिथे पोचल्यावर कळलं की भाडं महिन्याला द्यायची पद्धत फारशी नाही. वर्षाचं भाडं दोन-चार पुढच्या तारखांच्या चेकमध्ये वाटून द्यायचं. मला मिळालेल्या घराचं वार्षिक भाडं ५४ हजार होतं. चार चेक ठरले, म्हणजे पहिला साडेतेरा हजारांचा. वर पाच टक्के डिपॉझिट आणि पाच टक्के एजंटचे. पहिला पगार हातात पडायच्या आत जवळजवळ १९ हजार दिऱ्हाम गेले, आणि घरात अजून गादीसुद्धा नव्हती. वर्षअखेरीस हिशेब मांडला. १२ हजारांतून भाड्याचे साडेचार आणि बिलांचे पाचशे गेले की उरायचे ७ हजार. ९ हजारवालीचे ९ हजारच राहत होते. वर्षाला २४ हजारांचा फटका, तोही जास्त पगार घेऊन.

म्हणून या सगळ्या लेखाचा गाभा आधीच सांगते: घर पगारातून उभं राहत नाही, न भरलेल्या भाड्यातून आणि करार संपताना मिळणाऱ्या ठोक रकमांतून उभं राहतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

पायरी १: आधी घराचा आकडा, मग देश

बहुतेक जण उलटं करतात. देश आवडला म्हणून जातात आणि तिथे 'जमेल तेवढं' साठवतात. तीन वर्षांनी हातात एक रक्कम असते, पण ती कशाला पुरेल ते माहीत नसतं.

ज्या घराचा विचार आहे त्याची किंमत १०० धरा. बँक ८० देते असं समजू. लोक म्हणतात, मग मला २० हवेत. पण नोंदणीचा आणि कराचा खर्च, वकील, कर्जाची प्रोसेसिंग फी, रंगकाम, सामान हे सगळं कर्जात बसत नाही. त्याला १० तरी धरा. शिवाय परत आल्यावर नवी नोकरी लागेपर्यंत खायला हवं आणि हप्ता भरायला हवा, त्याचे आणखी ६-७. म्हणजे तुमचा खरा आकडा २० नाही, ३६ ते ३७ आहे. तुमच्या गावचे दर घालून हे गणित एकदा कागदावर करा. मग त्याला महिन्याच्या शिलकीने भागा आणि उत्तरात चार महिने वाढवा, कारण पहिल्या चार महिन्यांत काही उरत नाही.

उत्तर सात वर्षांच्या पुढे गेलं, तर देश चुकतोय किंवा घर मोठं आहे. यात 'बघू पुढे' असं काही नसतं.

पायरी २: पासपोर्ट आणि पदवी काय परवानगी देतात

इथे थोडं कडू बोलावं लागेल. इंग्रजी शिकवण्याच्या बाजारात तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे याच्या आधी पासपोर्ट कुठला आहे हे विचारलं जातं. दक्षिण कोरियाचा परदेशी भाषाशिक्षकांसाठीचा ई-२ वीजा इंग्रजीपुरता प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी बांधलेला आहे. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्याही प्रामुख्याने याच यादीवर चालतात. परदेशी तरुणांना शाळांत नेमणारा जपानचा सरकारी जेट कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे आणि त्याची देशांची यादी बरीच मोठी आहे, पण त्यात जास्तीत जास्त पाच वर्षं काम करता येतं. थायलंडमध्ये यादीबाहेरच्या शिक्षकांकडे टोइक या इंग्रजी परीक्षेचे गुण मागतात आणि बऱ्याच शाळा त्यांना त्याच कामाचा पगार कमी देतात. हे अन्यायाचं आहे, पण योजना आखताना धरून चालावं लागतं.

सातांच्या यादीत नसाल तर वाट वेगळी आहे, बंद नाही. शिक्षकी पदवी, शिकवण्याचा परवाना आणि दोन वर्षांचा वर्गातला अनुभव असेल तर आखाती देशांतल्या खाजगी शाळा आणि जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळा दार उघडतात. किंबहुना पैसे साठवायचे असतील तर हीच वाट जास्त चांगली, यादीत असलात तरी. परवाना असलेल्या शिक्षकाला घर, विमानाचं तिकीट, विमा आणि मुलांची फी हे सगळं मागता येतं. नुसतं प्रमाणपत्र घेऊन गेलेल्याला सहसा पगार आणि हस्तांदोलन मिळतं.

प्रमाणपत्राबद्दल. सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी शिकवण्याच्या कोर्समध्ये किमान १२० तास असतात, त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि मागे प्रशिक्षक बसलेला असतो. ट्रिनिटीचा कोर्सही याच तोडीचा. घरबसल्या होणारे स्वस्त '१२० तासांचे' कोर्स वीजाच्या कागदावर चालतात, पण वर्गात चालत नाहीत. सेल्टाची फी जास्त वाटते. ती घराच्या खर्चातच धरा, कारण पुढच्या प्रत्येक करारात ती थोडी थोडी वसूल होते.

पायरी ३: देश निवडताना 'हातात काय उरतं' एवढंच बघा

कोरिया. पासपोर्ट चालत असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी याहून सोपं गणित नाही. राहायला खोली बहुतेक करारांत असते. एक वर्ष पूर्ण केलं की कायद्याने साधारण एका महिन्याचा पगार निवृत्ती भत्ता म्हणून मिळतो. राष्ट्रीय पेन्शनमध्ये पगारातून थोडी रक्कम कापली जाते आणि तेवढीच मालक भरतो. देश सोडताना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या नागरिकांना हे पैसे, मालकाच्या वाट्यासकट, एकरकमी परत मिळतात. ब्रिटनच्या नागरिकांना मिळत नाहीत. म्हणजे एकाच स्टाफरूममधल्या, एकाच पगाराच्या दोघांच्या हातात शेवटी वेगवेगळी रक्कम पडते.

खाजगी क्लासला तिथे हागवॉन म्हणतात. त्यांच्याबाबतीत एक जुनी तक्रार आहे: अकराव्या महिन्यात काढून टाकायचं, म्हणजे वर्ष भरत नाही आणि भत्ता द्यावा लागत नाही. सगळे असं करत नाहीत. पण सही करण्याआधी तिथल्या आधीच्या शिक्षकाशी बोला आणि एकच प्रश्न विचारा: 'तुझं वर्ष पूर्ण झालं का?' सरकारी शाळांच्या एपिक कार्यक्रमात ही भीती कमी, सुट्ट्या बऱ्या, फक्त शाळा कुठे मिळेल ते आपल्या हातात नसतं.

आखात. सौदी आणि संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. दोघांचं चलन डॉलरला बांधलेलं आहे, एका डॉलरला ३.७५ रियाल किंवा ३.६७२५ दिऱ्हाम. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, पुढे सांगते का ते. घर करारात असेल तर साठवणुकीला इथली बरोबरी क्वचितच कुठे होते. नसेल तर माझं काय झालं ते वर वाचलंच.

जपान राहायला सुंदर, साठवायला मध्यम. एक खड्डा मात्र आधीच बघून ठेवा: रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. पहिल्या वर्षी तो जवळजवळ नसतो, दुसऱ्या वर्षी जूनपासून कापायला सुरुवात होते आणि पगार वाढूनही हातात कमी येतं. लोकांना वाटतं हिशेबात काहीतरी घोळ झाला.

तैवानमध्ये उलटं. वर्षात १८३ दिवस भरेपर्यंत परदेशी माणसाच्या पगारातून १८ टक्के कापतात आणि मग विवरण भरल्यावर जादा कापलेलं परत येतं. ते वजा धरून पहिल्या सहामाहीचा खर्च आखावा.

चीनमध्ये पगार अजूनही चांगले आहेत, पण जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि भराभर क्लास बंद पडले. तेव्हापासून शाळांमधली नोकरीच धरावी, आणि झेड, म्हणजे कामाच्या, वीजाशिवाय पाऊल ठेवू नये. 'आधी दुसऱ्या वीजावर या, मग बदलून घेऊ' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. व्हिएतनाम, थायलंड स्वस्त आहेत, मजा येते, पण स्वस्त देशात पगारही तिथल्याच मापाचा असतो. युरोपबद्दल एकच वाक्य: तिथे राहायला जा, साठवायला नको.

पायरी ४: कागद

कंटाळवाणं प्रकरण आहे, पण नोकऱ्या इथेच हुकतात. पदवी आणि पोलिसांचा दाखला प्रमाणित करून लागतो. अपोस्टील या कागद प्रमाणित करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांसाठी सहसा एक शिक्का पुरतो. कोरिया, जपान त्यात आहेत, सौदी डिसेंबर २०२२ पासून आणि चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून आला. अमिरातीसाठी मात्र दूतावासापर्यंतची सगळी साखळी पूर्ण करावी लागते, त्याला जास्त वेळ आणि जास्त पैसे धरा. पोलिसांचा दाखला फार आधी काढू नका, त्याची मुदत संपते. आणि मूळ पदवी कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका. पासपोर्ट तर नाहीच, सौदी आणि अमिरातीत मालकाने तो स्वतःकडे ठेवणं कायद्यातच बसत नाही.

पायरी ५: करार वाचणे

चहाचा कप घेऊन बसा, पेन्सिल घ्या. पगाराचा आकडा शेवटी वाचायचा.

पहिली खूण 'बेसिक'वर करा. अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, एकूण पगारावर नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक, त्यानंतर ३० दिवसांचा. आता बघा, १२ हजारांत बेसिक ५ हजार आणि बाकीचे भत्ते दाखवले असतील तर ५,००० भागिले ३० गुणिले २१, म्हणजे वर्षाला साडेतीन हजार. त्याच १२ हजारांत बेसिक ९ हजार असेल तर ६,३००. चार वर्षांत ११,२०० दिऱ्हामांचा फरक, आणि महिन्याचा पगार तोच. माझा बेसिक ५ हजार होता. मुलाखतीत मी विद्यार्थी किती, पुस्तकं कुठली हे सगळं विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं.

दुसरी खूण राजीनाम्याच्या कलमावर. अमिरातीत फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात एक वर्ष भरलं की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी कमी होत नाही. सौदीत होते. तिथे पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार, पण स्वतःहून सोडलं तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश, आणि दहानंतर पूर्ण. कराराची मुदत संपून बाहेर पडलात तर पूर्ण मिळते. माझी एक मैत्रीण तिथे बाविसाव्या महिन्यात राजीनामा देऊन मोकळी झाली, कारण मुख्याध्यापिकेशी वाजलं होतं. आणखी दोन महिने दात-ओठ खाऊन काढले असते तर दोन वर्षांचा करारच संपत होता. हातात शून्य आलं, यायला हवा होता अख्खा महिन्याचा पगार.

मग उरलेलं: पगार १२ महिन्यांचा की १० महिन्यांचा? उन्हाळ्याच्या सुट्टीचे पैसे मिळतात का? तिकीट दरवर्षी की फक्त येताना-जाताना, आणि आपण काढून मागाहून भरपाई की त्यांनी काढायचं? विम्यात दात धरतात का, हे हसण्यावारी नेऊ नका. 'शिकवण्याचे तास' आणि 'शाळेत थांबायचे तास' वेगळे लिहिलेत का? शाळेचं घर असेल तर एकट्याला की वाटून? नोकरी बदलायची तर रिलीज लेटर, म्हणजे आधीच्या मालकाचं संमतीपत्र, लागतं का, कोरियात ई-२ वर मधेच बदलायचं झालं तर सहसा लागतं. तोंडी कबूल केलेली प्रत्येक गोष्ट ईमेलवर लिहून मागा. 'आपण बोललो त्याप्रमाणे' अशी सुरुवात केली की कुणाला राग येत नाही.

पायरी ६: पहिलं वर्ष

जाताना दोन-तीन महिन्यांचा खर्च बरोबर न्या, उधारीचा नको. पहिल्या वर्षी गाडी नाही. सामान देश सोडून जाणाऱ्या शिक्षकांकडून घ्या, शैक्षणिक वर्ष संपताना त्याचा ढीग पडून असतो.

पगार झाला त्याच दिवशी घराचा वाटा दुसऱ्या खात्यात गेला पाहिजे. महिन्याच्या शेवटी उरलेलं टाकू म्हटलं की उरत नाही, हे मी स्वतःवर तपासून पाहिलेलं आहे.

फावल्या वेळात शिकवण्या घेऊन भर घालायची इच्छा सगळ्यांना होते. कोरियात ई-२ वर खाजगी शिकवणी बेकायदा आहे, पकडलं तर दंड आणि देशाबाहेर. अमिरातीत डिसेंबर २०२३ पासून त्यासाठी रीतसर परमिट मिळतं, ते काढा. दोन शिकवण्यांच्या पैशांसाठी सगळा करार डावावर लावू नये.

पायरी ७: जमलेले पैसे कुठे ठेवायचे

घर ज्या चलनात घ्यायचं, पैसे लवकरात लवकर त्या चलनात आणा. २०२१ मध्ये एका डॉलरला ११० येनच्या आसपास मिळत होते, २०२४ च्या मध्यात १६० च्या पुढे. जपानमध्ये येन साठवत बसलेल्या शिक्षकाने काही न करता डॉलरच्या मापाने जवळजवळ तिसरा हिस्सा गमावला. इजिप्तमध्ये मार्च २०२४ मध्ये एका झटक्यात डॉलर ३१ पौंडांवरून ५० च्या घरात गेला. तिथल्या शाळेत पौंडात पगार घेणाऱ्यांचं काय झालं असेल ते बघा. म्हणून वर डॉलरला बांधलेल्या चलनाचं कौतुक केलं. चांगला दर येईल म्हणून थांबू नका, दर महिन्याला पाठवा. पाठवताना 'शून्य फी' या पाटीकडे न बघता शेवटी हातात किती पडतात ते दोन-तीन ठिकाणी ताडून बघा, कारण फी नसेल तिथे दरात कापलेलं असतं.

चार-पाच वर्षांत लागणारे पैसे शेअरमध्ये नकोत. मुदत ठेव कंटाळवाणी असते, चालेल.

आणि तो माणूस. आखातात प्रत्येक स्टाफरूममध्ये एक ना एक दिवस सूट घालून, छान बोलणारा, कुणाच्या तरी ओळखीने आलेला एक सल्लागार येतो. कॉफी पाजतो, निवृत्तीचं चित्र काढून दाखवतो आणि २५ वर्षांच्या बचत योजनेवर सही घेतो. अशा योजनांत पहिल्या काही वर्षांचे हप्ते बरेचसे कमिशन आणि शुल्कात जातात, आणि मधेच सोडली तर मोठा दंड बसतो. तुम्ही तर चार वर्षांत घर घेणार आहात. कॉफी प्या आणि या.

कर हा विषय जाण्याआधी आपल्या देशातल्या माणसाकडून समजून घ्या. परदेशात कर नाही म्हणजे मायदेशी नाही असं नसतं. किती दिवस कुठे राहिलात यावर बरंच ठरतं, आणि अमेरिकी नागरिक तर कुठेही असले तरी त्यांना विवरण भरावंच लागतं.

पायरी ८: घर, आणि परत येण्याची वेळ

सगळ्यात महागडी चूक इथे होते. पैसे जमले, करार संपवून परत आलो, आता निवांत घर बघू. बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो: सध्या नोकरी कुठे? हातात डाऊन पेमेंट असून कर्ज मिळत नाही, कारण पगाराच्या स्लिपा संपलेल्या. मग नव्या नोकरीत सहा-सात महिने काढा, तोवर घर पुढे निघून जातं.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेशी बोला, करार चालू असताना. परदेशी पगारावर कर्ज देता का, किती, कुठले कागद, हे विचारा. प्रत्येक वर्षाच्या पगाराच्या स्लिपा, कराराच्या प्रती आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या एका फाइलमध्ये हव्यात, कारण 'हे पैसे आले कुठून' हा प्रश्न येणारच. सुट्टीत जाऊन घर स्वतः बघा. फोटोत ओल दिसत नाही. नोंदणीसाठी कुणाला मुखत्यारपत्र द्यायचं तर त्या एका व्यवहारापुरतं, तारीख घालून. टायटल तपासणारा वकील आपला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

निघायच्या आधीच्या महिन्यात: अनुभवाचं प्रमाणपत्र, ग्रॅच्युइटीचा हिशेब लेखी, पेन्शनच्या परताव्याचा अर्ज. जपान सोडल्यावर हा परतावा मागायला दोन वर्षांची मुदत आहे आणि तो जास्तीत जास्त पाच वर्षांच्या वर्गणीवर मिळतो. त्यातल्या नोकरदारांच्या पेन्शनवर २०.४२ टक्के कर आधीच कापून येतो, तो भाग परत मागायचा तर जपानमध्ये कर-प्रतिनिधी नेमून अर्ज करावा लागतो. तो निघण्याआधीच ठरवा.

बँक खातं सगळ्यात शेवटी बंद करा. अमिरातीत नोकरी संपल्यावर १४ दिवसांत सगळा हिशेब चुकता करायचा नियम आहे, पण माझं विमान सहाव्या दिवशी होतं आणि मी उत्साहाने पाचव्या दिवशी खातं बंद करून आले. शाळेने ग्रॅच्युइटीचा चेक काढला. तो वटवायला तिथे खातं नाही आणि इथली बँक घेईना. शेवटी मैत्रिणीला अधिकारपत्र पाठवून, शाळेकडून चेक बदलून घेऊन पैसे यायला अकरा आठवडे लागले. तेवढ्यात बिल्डरला द्यायच्या हप्त्याची तारीख उलटली आणि त्यावर व्याज भरलं.